रॉयल ॲस्कॉटचा एक दिवस : कोणता वार, कोणतं एन्क्लोजर, आणि तिकडचं रेसकार्ड कसं वाचायचं?

वानवडीकर

नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन इंग्लंडला जायचं ठरतंय. बहीण रेडिंगला असते, राहायची सोय तिच्याकडे. बाबा पुण्याच्या रेसिंग सीझनला वर्षानुवर्षं जाणारे. त्यांना रॉयल ॲस्कॉट, म्हणजे तिकडची जूनमधली घोड्यांच्या शर्यतींची प्रसिद्ध मीटिंग, बघायचीच आहे. आईला घोड्यांत फार रस नाही, पण पैठणी नेसून तिथे जायची तिची मनापासून इच्छा आहे. खर्च बघता एकच दिवस जमेल.

तर दिवस कोणता निवडू? तिकीट कुठल्या एन्क्लोजरचं (प्रेक्षकांच्या विभागाचं) काढू? साडी चालते का? आणि बाबांना आपलं रेसबुक (दिवसाच्या शर्यतींची माहितीपुस्तिका) पाठ असलं तरी तिकडचं कार्ड, वजनं, बेटिंग यांत काय वेगळं आहे ते आधी समजून घ्यायचंय. शोधलं तर सगळीकडे टोप्या आणि शॅम्पेन यांचंच वर्णन सापडतं, शर्यतींबद्दल कामाचं कुणी लिहीत नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

रेसबुक_कॅम्प

मीटिंग पाच दिवसांची असते, जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, मंगळवार ते शनिवार. रोज सात शर्यती, एकूण 35. त्यांतल्या आठ ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या. पहिली शर्यत अडीचला, शेवटची सहाच्या थोडी नंतर. फाटकं साडेदहालाच उघडतात.

दिवस निवडताना शर्यत बघा. बाबांसारख्या माणसाला मी डोळे मिटून मंगळवार सांगेन. त्या एकाच दिवशी तीन ग्रुप वन आहेत. सुरुवातच क्वीन ॲन स्टेक्सने होते. सरळ ट्रॅकवर एक मैल, चार वर्षांचे आणि त्यापुढचे घोडे. 2012 मध्ये फ्रँकेलने हीच शर्यत 11 लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची लांबी) मारली होती. मग किंग चार्ल्स थर्ड स्टेक्स, पाच फर्लांग, म्हणजे हजार मीटर. जुन्या लोकांना ही किंग्ज स्टँड या नावाने माहीत असेल. तिसरी सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स. इंग्लंड, आयर्लंड आणि फ्रान्सच्या गिनीजमध्ये (तीन वर्षांच्या घोड्यांच्या मैलाच्या मोठ्या शर्यती) धावलेले तीन वर्षांचे कोल्ट, म्हणजे नर घोडे, इथे एकमेकांसमोर येतात. शिवाय दोन वर्षांच्या शिंगरांची कॉव्हेंट्री स्टेक्स, सहा फर्लांगची. पुढच्या वर्षीच्या गिनीजचा घोडा कधीकधी इथेच पहिल्यांदा डोळ्यांत भरतो.

बुधवारी प्रिन्स ऑफ वेल्सेस स्टेक्स आहे, सुमारे 2,000 मीटर. माझ्या मते आठवड्यातली सगळ्यात दर्जेदार शर्यत हीच, घोडे मोजके पण सगळे तोलामोलाचे. त्याच दिवशी रॉयल हंट कप हा मोठा हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवून सगळ्यांना बरोबरीत आणणारी शर्यत), सरळ मैलावर तीसपर्यंत घोडे.

गुरुवार गोल्ड कपचा. ही शर्यत 1807 पासूनची, पल्ला अडीच मैल, म्हणजे 4,000 मीटर. आपल्या इंडियन डर्बीच्या 2,400 मीटरशी ताडून बघा म्हणजे अंदाज येईल. यीट्सने 2006 ते 2009 अशी सलग चार वर्षं जिंकली. 2013 मध्ये राणी एलिझाबेथच्या एस्टिमेट या घोडीने जिंकली, राज्यावर असलेल्या राजा-राणीच्या मालकीच्या घोड्याने गोल्ड कप घेण्याची ती पहिलीच वेळ. याच दिवसाला लेडीज डे म्हणतात, त्यामुळे गर्दीही तशीच.

शुक्रवारी तीन वर्षांच्या घोड्यांची कॉमनवेल्थ कप आणि फिलींची (तरुण घोडींची) कॉरोनेशन स्टेक्स. शनिवारी सहा फर्लांगची क्वीन एलिझाबेथ सेकंड ज्युबिली आणि वोकिंगहॅम हँडिकॅप. आठवड्याचा शेवट क्वीन अलेक्झांड्रा स्टेक्सने, सुमारे 4,350 मीटर, तिकडच्या फ्लॅट (अडथळे नसलेल्या) रेसिंगमधला सगळ्यात लांब पल्ला. शनिवारी घोड्यांपेक्षा पार्टीला आलेली मंडळी जास्त असतात, आई-बाबांना घेऊन टाळलेला बरा.

थोडक्यात, बाबांसाठी मंगळवार. आईची पैठणी हेच मुख्य कारण असेल तर गुरुवार. तिकिटं आदल्या शरद ऋतूपासून मिळायला लागतात आणि गुरुवार-शनिवार आधी संपतात, तेव्हा ठरवायला वेळ लावू नका.

व्हिसाचं गणित मात्र उलट आहे. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच करता येतो, त्याआधी नाही. पुण्यात व्हीएफएसचं (व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीचं) केंद्र आहे, मुंबईला जायची गरज नाही. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा आणि मार्च संपताना अर्ज टाका.

पदर_आणि_पॅडॉक

वानवडीकर, एन्क्लोजर आणि कपडे दोन्ही एकत्रच सांगते, कारण तिथे तिकीट बघून कपडे ठरतात.

रॉयल एन्क्लोजर सोडून द्या. तिथे तिकीट विकत मिळत नाही, जुन्या सभासदांच्या शिफारशीने प्रवेश मिळतो. तुमच्यासाठी क्वीन ॲन एन्क्लोजर. यातून ग्रँडस्टँडमध्ये जाता येतं आणि मुख्य म्हणजे पॅडॉकच्या (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाच्या) कडेला उभं राहता येतं. बाबांना पॅडॉक नसेल तर दिवस फुकट. विंडसर एन्क्लोजर स्वस्त आहे, आपला डबा नेता येतो, कपड्यांचे कडक नियम नाहीत, पण तिथून पॅडॉकला जाता येत नाही. विंडसरचा फायदा एकच : दुपारी दोनला राजाच्या बग्ग्या सरळ ट्रॅकवरून येतात तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यासमोरून जातात, अगदी रेलपासून (ट्रॅकच्या कठड्यापासून) हाताच्या अंतरावर. व्हिलेज एन्क्लोजर ट्रॅकच्या आतल्या बाजूला आहे आणि मंगळवारी नसतं.

आता साडी. परदेशी पाहुण्यांनी आपल्या देशाचा औपचारिक पोशाख घालावा अशी ॲस्कॉटच्या नियमांतच मुभा आहे. 2022 च्या लेडीज डेला तर मोठ्या संख्येने बायका ठिकठिकाणच्या हातमागाच्या साड्या नेसून गेल्या होत्या. तेव्हा पैठणी बिनधास्त. क्वीन ॲनमध्ये बायकांच्या डोक्यावर हॅट किंवा हेडपीस लागतोच आणि पोट दिसायला नको असाही नियम आहे. म्हणून ब्लाउज थोडं लांब शिवा, पदर खांद्यावर पिन करून कमरेवरून नीट घ्या आणि अंबाड्याला छोटा हेडपीस किंवा रेशमी फुलांची वेणी लावा. मग फाटकावर कुणी अडवायचं कारणच राहत नाही.

खरा त्रास हिरवळीचा. टाच बारीक असेल तर पावलागणिक रुतते. ब्लॉक हील किंवा सपाट चप्पल घाला, आणि साडी त्याच चपलेवर, नेहमीपेक्षा बोटभर वर नेसा. फॉल ओल्या गवतात घासला की काठाला हिरवे डाग पडतात आणि पैठणीच्या जरीवरून ते जात नाहीत. पावसाचा अंदाज असेल तर पैठणी ठेवून गडवाल किंवा नारायणपेठ न्या. जूनमध्ये तिकडे सकाळी 12 अंश आणि दुपारी 25 असं होऊ शकतं, त्यामुळे शाल हवीच.

पुरुषांना क्वीन ॲनमध्ये पूर्ण सूट, एकाच कापडाचा कोट-पँट, कॉलरचा शर्ट, टाय आणि घोटा झाकणारे मोजे. वेगळा ब्लेझर आणि वेगळी पँट चालत नाही, बरेच जण इथेच अडकतात. बाबांना बंदगळा घालायचा असेल तर राष्ट्रीय पोशाख म्हणून चालेल, मात्र तो पूर्ण जोडीचा असू द्या.

आणखी एक. या तिकिटात राखीव खुर्ची मिळत नाही. दोघांचं वय बघता लवकर जाऊन बसायची जागा धरा आणि पॅडॉकच्या फेऱ्या आळीपाळीने करा.

हँडिकॅपवाला

बाबांच्या भागाचं मी घेतो.

पल्ला मैल आणि फर्लांगमध्ये छापतात. फर्लांग म्हणजे 201 मीटर, त्यामुळे 6 फर्लांग म्हणजे आपले 1,200 आणि मैल म्हणजे 1,600, एवढं धरलं की पुरे. वजन स्टोन आणि पौंडांत. 14 पौंडांचा एक स्टोन, म्हणजे 6.35 किलो. कार्डावर 9-2 दिसलं तर 128 पौंड, आपले 58 किलो. हा एक आकडा लक्षात ठेवा, बाकीची वजनं त्याच्या पुढेमागे मोजा, दर पौंडाला साधारण अर्धा किलो. हँडिकॅपमध्ये तिकडे रेटिंगच्या (घोड्याच्या कुवतीच्या आकड्याच्या) एका पॉइंटला एक पौंड, आपल्याकडे एका पॉइंटला अर्धा किलो. म्हणजे हिशोब जवळपास तोच, बाबांना नवीन काही शिकायला नको. ग्रुप शर्यतींत रेटिंगवर वजन बदलत नाही, वय आणि लिंग बघून ठरतं. फिलींना साधारण तीन पौंडांची सवलत. त्यामुळे ग्रुप वनमध्ये 'वजनात फायदा' शोधत बसू नका, तिथे वर्गच बघायचा.

फॉर्मचे, म्हणजे आधीच्या शर्यतींतल्या क्रमांकांचे, आकडे डावीकडून उजवीकडे, सगळ्यात ताजी शर्यत उजव्या टोकाला. मधली आडवी रेघ म्हणजे वर्ष बदललं. 0 म्हणजे पहिल्या नवात नाही. नावापुढे सी म्हणजे याच ट्रॅकवर जिंकलेला, डी म्हणजे याच पल्ल्यावर, सीडी म्हणजे दोन्ही एकत्र. ॲस्कॉटला या सीडीला मी बराच भाव देतो, कारण ट्रॅक साधा नाही.

ट्रॅक उजव्या हाताचा, त्रिकोणी. गोल ट्रॅकवर घोडे स्विनली बॉटम नावाच्या खोलगट भागात उतरतात आणि तिथून विनिंग पोस्टपर्यंत चढच आहे. आणि वळण संपल्यावरची सरळ जेमतेम 500 मीटर. नुसत्या वेगावर आलेला घोडा शेवटच्या फर्लांगात चढावर थांबतो. मागे ठेवलेल्या घोड्याला आतून वाट मिळाली नाही तर बाहेर पडून दौड मारायला जागा उरत नाही. सेंट जेम्सेस पॅलेस आणि कॉरोनेशन या दोन्ही गोल मैलावर होतात. त्यांत चांगला घोडा कोंडून हरतो, तो बहुतेक वेळा याच कारणाने.

सरळ मैलाची गोष्ट आणखी निराळी. वळणच नाही. 25-30 घोडे सुटले की दोन टोळ्या होतात, एक स्टँडच्या बाजूच्या रेलला, दुसरी पलीकडच्या. घोडा ज्या कप्प्यातून सुटतो तो स्टॉल : मोठा स्टॉल नंबर स्टँडच्या बाजूला, छोटा पलीकडे. आणि हे नीट बघा : झुलीवरचा नंबर कार्डाचा असतो, स्टॉल नंबर कार्डात वेगळा छापतात. नवखा माणूस झुलीवरच्या नंबरालाच ड्रॉ (चिठ्ठीने मिळालेला स्टॉल) समजतो आणि भलतीकडे बघत बसतो. कुठली बाजू चालतेय हे ड्रॉपेक्षा वेग धरणारे घोडे कुठे आहेत यावर ठरतं. ज्या टोळीत पुढून पळणारे दोन-तीन असतील तिला वेग मिळतो, दुसरी टोळी आपसांत रेंगाळते आणि मग उशीर होतो. म्हणून दिवसाची पहिली सरळ शर्यत पैसे न लावता बघावी, नंतरच्या हँडिकॅपला तिचा उपयोग होतो.

गोइंग, म्हणजे जमीन किती कडक की ओली, ते शब्दांत सांगतात : गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट. आपल्याकडे पेनिट्रोमीटरचा आकडा फळ्यावर लागतो, तिकडे गोइंगस्टिक नावाचं उपकरण आहे. बाबांनी पुण्याचा पावसाळी ट्रॅक बघितलाय, त्यामुळे ओल्या मातीवर कुठला घोडा टाप उचलतो आणि कुठला चाचरतो हे त्यांना सांगायला नको. फरक असा की जूनमध्ये तिकडे बहुतेक वेळा जमीन कडक असते आणि पाणी मारून गुड टू फर्मवर आणतात.

पॅडॉकमध्ये दोन वर्षांच्या शिंगरांकडे मुद्दाम बघायला सांगा. एवढी गर्दी, एवढा आवाज त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो. मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस जमला असेल, शेपटी सारखी हलत असेल आणि एका घोड्याला दोन माणसं धरून चालत असतील, तर त्याची अर्धी शर्यत तिथेच संपली. मानेवरच्या नुसत्या घामाला मात्र घाबरू नये, गरम दिवशी तो सगळ्यांनाच येतो.

वानवडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न : विन-प्लेस, फोरकास्ट, टनाला हे सगळं तिकडे टोटवर असतं का? आणि 'ईच वे' हा प्रकार नक्की काय?

हँडिकॅपवाला

टोट, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमवून जिंकणाऱ्यांत वाटायची पद्धत, आहे. आपला फोरकास्ट (पहिले दोन क्रमाने) म्हणजे तिथला एक्झॅक्टा, आपला टनाला (पहिले तीन क्रमाने) म्हणजे तिथला ट्रायफेक्टा. जॅकपॉटच्या जातीचा पण सोपा प्रकार म्हणजे प्लेसपॉट : पहिल्या सहा शर्यतींत प्रत्येकी एक घोडा प्लेसमध्ये, म्हणजे पहिल्या काही क्रमांकांत, यायला हवा, जिंकायची गरज नाही. दिवसभर गुंतून राहायला हा फार चांगला. 2019 पासून रॉयल ॲस्कॉटला टोटचा वर्ल्ड पूल असतो, हाँगकाँगसह अनेक देशांचे पैसे एकाच पूलमध्ये जातात. पूल इतका मोठा की तुमच्या तिकिटाने डिव्हिडंड (जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम) हलत नाही.

ईच वे बुकीकडे (स्वतः भाव देऊन बेट घेणाऱ्याकडे). म्हणजे दोन बेट : अर्धे पैसे विनवर, अर्धे प्लेसवर. 'पाच पौंड ईच वे' म्हटलं की दहा पौंड जातात, इथे लोक फसतात. प्लेसचा भाव विनच्या भावाचा ठराविक हिस्सा. साधारण नियम असा की आठ किंवा जास्त घोडे असले तर पहिल्या तीनला एक पंचमांश, आणि 16 किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये पहिल्या चारला एक चतुर्थांश.

उदाहरण घ्या. 20 घोड्यांचा हँडिकॅप, भाव 10/1 (एकाला दहा), पाच पौंड ईच वे, घोडा तिसरा आला. विनचे पाच गेले. प्लेसचा भाव 10 चा चौथा हिस्सा, अडीच. पाच गुणिले अडीच म्हणजे साडेबारा, अधिक मूळ पाच, हातात साडेसतरा. दहा लावले होते, साडेसात सुटले. आता तोच हिशोब 4/1 च्या घोड्यावर करा. चौथा हिस्सा एक, म्हणजे पाच अधिक पाच, दहा लावून दहाच परत. त्यामुळे कमी भावाच्या घोड्यावर ईच वे करू नये, आवडला तर सरळ विन लावावा. 8/1 च्या वरच ईच वेला अर्थ आहे.

बुकीकडे भाव घेतला की तो पक्का, नंतर पडला-वाढला तरी तुमचा तोच. पण तुम्ही भाव घेतल्यावर एखादा घोडा माघारी गेला तर पैसे देताना कापतात, त्याला रूल फोर म्हणतात. ज्याचा भाव कमी तो गळला तर कपात मोठी. बुकीने फसवलं असं वाटून भांडू नये.

कराचा फरक बाबांना आवडेल. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2023 पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे. तिकडे पंटरला (बेट लावणाऱ्याला) बेटवर कर नाही, जिंकलेल्या रकमेवरही नाही. मात्र हे सगळं तिथे उभं राहून, खिशातल्या पैशांनी. पुण्यात बसून परदेशी साइटवर अजिबात लावू नका, फेमाखालचे (परकीय चलनाच्या कायद्याखालचे) नियम आड येतात आणि खातं अडकलं तर दाद मागायला कुणी नाही.

कोंढवा_फर्लांग

थोडं वेगळं मत मांडतो. तारखा हलवता येत असतील तर ऑगस्टमधला यॉर्कचा एबोर फेस्टिव्हल बघा. चार दिवस, बुधवार ते शनिवार. पहिल्याच दिवशी जडमाँट इंटरनॅशनल, सव्वा मैलापेक्षा किंचित जास्त, आणि घोड्यांचा दर्जा ॲस्कॉटच्या बुधवारइतकाच. ट्रॅक सपाट, सरळ लांब, सगळी शर्यत डोळ्यांसमोर होते. कपड्यांचा जाचही कमी. जुलैच्या शेवटी ॲस्कॉटलाच किंग जॉर्ज स्टेक्सचा दिवस असतो, दीड मैल, 1951 पासूनची शर्यत. तेच स्टँड, तोच पॅडॉक, आणि निवांतपणे फिरता येतं. ज्येष्ठ मंडळी सोबत असताना हा विचार नक्की करावा.

पदर_आणि_पॅडॉक

यॉर्कच्या शर्यती उत्तम हे मान्य. पण रेडिंगहून यॉर्क लांब, मुक्काम करावा लागेल. आणि त्यांच्या आईंची पैठणी ॲस्कॉटसाठीच आहे ना! किंग जॉर्जचा दिवस मात्र चांगला सुचवलात. जूनची तिकिटं हुकली तर तोच धरा.

रेसबुक_कॅम्प

मग दिवसाची आखणी सांगतो. रेडिंगहून ॲस्कॉटला थेट गाडी आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचता, लंडनला जायचं कामच नाही. वॉटर्लूहून येणाऱ्यांना सुमारे तास लागतो. स्टेशनपासून सात-आठ मिनिटं चालायचं, पण चढ आहे, बाबांना सावकाश चालू द्या.

साडेअकरापर्यंत आत शिरा. खाणं एकच्या आत उरका, नंतर रांगा वाढतात. दोनला बग्ग्या. त्या बघायला सगळे रेलला जातात, तेव्हा पहिल्या शर्यतीचे घोडे बघायला पॅडॉकची कड मोकळी मिळते. बाबांना तिकडे पाठवा, आईला बग्ग्यांकडे. दोन शर्यतींमध्ये 35 ते 40 मिनिटं असतात, तेवढ्यात पॅडॉक, बेटिंगची खिडकी आणि परत स्टँड हे जमतं, मात्र रेंगाळायला वेळ नाही. पॅडॉक स्टँडच्या मागे आहे. जॉकी चढेपर्यंत थांबा आणि लगेच निघा.

सरळ मैल रेलला उभं राहून बघू नका. घोडे समोरून अंगावर येतात, कोण पुढे आहे ते शेवटच्या फर्लांगापर्यंत कळत नाही. स्टँडच्या वरच्या पायऱ्यांवरून दुर्बिणीने किंवा समोरच्या मोठ्या पडद्यावर बघा. रेलला एखादी पाच फर्लांगची शर्यत तेवढी बघा, जमीन हादरते ती अनुभवायला.

शेवटच्या शर्यतीनंतर बँडस्टँडजवळ सगळे मिळून गाणी म्हणतात, आईंना आवडेल. तेव्हाच स्टेशनवर झुंबड असते, म्हणून तासभर तिथे थांबून साडेसातनंतरची गाडी पकडा. उजेड नऊच्या पुढेपर्यंत असतो.

जायच्या आधी सराव म्हणून त्या आठवड्यातली शर्यत कुठे दाखवत असतील तर बघा, तिकडची अडीच म्हणजे आपले संध्याकाळचे सात. मंगळवारी जाणार असाल तर बाबांना शुक्रवारपासूनच कार्डं बघायला बसवा. पक्के घोडे शर्यतीच्या 48 तास आधी ठरतात आणि ड्रॉही तेव्हाच निघतो, म्हणजे खरा अभ्यास रविवारी.